जावयाने दिलेला फोन

नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या महादेवराव बेलखोड्यांना राग येणं ही काही नवलाची गोष्ट नव्हती. पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त होईपर्यंत त्यांनी रागाचा भरपूर सराव केला होता आणि निवृत्तीनंतर तर त्यांना दिवसभर दुसरं कामच उरलं नव्हतं. पण त्या सकाळी आलेला राग त्यांच्या सगळ्या रागांचा आजोबा होता. व्याह्यांचा मेसेज आला होता.

व्याही म्हणजे ताराचंदराव ढोमणे. नरखेड तालुक्यात त्यांच्या संत्र्याच्या बागा. गृहस्थ पहाटे उठतात, बागेत चक्कर मारतात आणि चहाला उकळी फुटायच्या आत दोन्ही घरांचे निर्णय घेऊन मोकळे होतात. मग ते निर्णय 'ढोमणे-बेलखोडे परिवार' या ग्रुपवर टाकतात. ग्रुपही त्यांनीच काढलेला, नावात ढोमणे आधी हेही त्यांनीच ठरवलेलं. त्या दिवशीचा मेसेज असा होता: 'सौ. मिनलची डिलिव्हरी इकडेच करावी असा विचार आहे. डॉक्टरीण बाई चांगल्या आहेत. कोणाचे काही म्हणणे असल्यास रविवारपर्यंत कळवावे.'

"म्हणणं? कोणाचं म्हणणं? माहं म्हणणं!" महादेवराव ओरडले. "पहिलं बाळंतपण माहेरी होते! हे काय कळवायची गोष्ट आहे?"

त्यांचं काही चुकत नव्हतं. मिनल त्यांची एकुलती एक लेक, आणि तिला आता आठवा लागला होता. महादेवरावांनी मागची खोली केव्हाच पिस्ता रंगाने रंगवून घेतली होती. खिडकीला डासांची जाळी बसवली होती. दोन दवाखान्यांत जाऊन तिथल्या बाथरूम स्वच्छ आहेत की नाहीत हे आत शिरून पाहून आले होते आणि एका नर्सकडून बोलणीही खाऊन आले होते. व्याही कधी म्हणतात, 'या, घेऊन जा लेकीला,' याची तेवढी वाट होती. आणि व्याही म्हणतात काय, तर डॉक्टरीण बाई चांगल्या आहेत!

त्यांनी उत्तर द्यायला फोन उचलला, आणि आता फोनवरचा राग सुरू झाला.

हा फोन जावयाने दिलेला. रोहितने नवा घेतला तेव्हा जुना सासऱ्यांना दिला. लेकीच्या घरचं काही घ्यायचं नाही असं मानणाऱ्या महादेवरावांनी तो मिनलच्या आग्रहाखातर कसाबसा घेतला, आणि तेव्हापासून तो त्यांच्या गळ्यात पडला होता. त्याला बोट लावलं की तो आधी विचार करायचा. मग काळा व्हायचा. मग पुन्हा उजळून, 'काय म्हणालात?' असा चेहरा करायचा. उभी हयात सरकारी खात्यात गेली, पण महादेवरावांनी इतकी हळू सरकणारी फाईल पाहिली नव्हती. अक्षरं उमटायची नाहीत म्हणून ते माइकचं बटण दाबून बोलूनच मेसेज पाठवायला जायचे. दाबून धरायचं, व्याह्यांना सुनवायचं, बोट उचलायचं. बोट उचललं की फोन जागच्या जागी थिजायचा आणि मेसेज कुठे विरून जायचा देव जाणे. तोवर सिंधूताई चहा घेऊन यायच्या. चहा संपेपर्यंत राग उतरायचा, आणि तिकडे ग्रुपवर ताराचंदरावांचं येऊन पडायचं: 'हरकत नाही असे दिसते. धन्यवाद.'

ओटीभरणाची तारीख अशीच ठरली. रोहित-मिनलने कुठे फिरायला जावं तेही असंच. सगळ्या प्रश्नांवर महादेवरावांची हरकत होती आणि एकही हरकत नरखेडला पोचली नव्हती. उलट तिकडे त्यांची कीर्ती अशी पसरली होती की मिनलचे वडील म्हणजे अगदी शांत माणूस, कशातच पडत नाहीत. हे जेव्हा जेव्हा कानावर यायचं तेव्हा त्यांना आणखी राग यायचा.

त्याही सकाळी त्यांनी बटण दाबून एक मोठं भाषण केलं. फोन थिजला. चहा आला.

"अवो, लावा ना सरळ फोन त्यायले," सिंधूताई म्हणाल्या. "फोन तं लागते. रोज संध्याकाळी मिनलशी बोलता ना?"

"मी काहून लावू? मी पोरीचा बाप आहे. रीत त्यायले माहीत नाही का?"

"मंग मिनलले तरी सांगा."

"तिले कायले? ही मोठ्यायची गोष्ट आहे. तिले टेन्शन देऊ नको. अन् ज्या ग्रुपवर त्यायनं इचारलं त्याच ग्रुपवर मी सांगीन. सगळ्यायसमोर. रविवारच्या आत!"

नवा फोन घेण्याचा प्रश्नच नव्हता. जावयाची वस्तू चालली नाही असा त्याचा अर्थ झाला असता. तेव्हा हाच फोन रविवारपर्यंत पळता करायचा, असा महादेवरावांनी निश्चय केला. सिंधूताईंना हे फारसं पटलं नाही. "राहू द्या ना, हाय तसा बरा आहे," एवढंच त्या म्हणाल्या. बायकोला नवऱ्याची प्रगती पाहवत नाही, असं मनात म्हणत महादेवराव शेजारी गेले.

शेजारी गणपतराव. त्यांना कशातलंच काही कळत नाही असं नाही, पण जे कळत नाही त्यावर ते जास्त बोलतात. त्यांनी फोन हातात घेऊन डॉक्टरसारखा उलटासुलटा केला.

"कचरा जमला आहे गा महादेवराव. आतमध्ये. मी एक झाडूवालं ॲप टाकून देतो. माह्या साळ्यानं टाकलं, त्याचा फोन आता घोड्यासारखा पळते."

ॲप टाकण्यात अर्धी दुपार गेली. मग पडद्यावर झाडू घेतलेला एक ससा आला. त्याने सारा फोन झाडला आणि 'अभिनंदन! तुमचा फोन आता दुप्पट वेगवान' असं जाहीर केलं. त्यानंतर फोनला काहीही करायला सांगितलं की आधी ससा यायचा, मग जाहिरात यायची, मग एक रमीचा डाव मांडणारी बाई यायची. घड्याळ पाहायचं म्हटलं तरी ती बाई आडवी. सशाला काढून टाकायला गेलं तर तो विचारायचा, 'खरंच काढायचं? आधी एकदा झाडून पाहू का?' सरकारी हेडक्लार्कच्या आयुष्यात पुष्कळ चिकट माणसं येतात, पण या सशाला तोड नव्हती. महादेवरावांनी त्याला अशी एक शिवी दिली की गणपतरावांच्या मिसेस कुसुमताई आतून बाहेर आल्या.

"काय झालं वं माय? फोन तापला का?" त्यांनी फोनला हात लावून पाहिला. "पाहा, चटका बसते! नवतपा सुरू आहे बाप्पा, उन्हाळ्याचे सगळ्यात तापते नऊ दिवस, माणसं नाही टिकून राहिली, त्याले काय दोष देता? थंडा करा त्याले. कूलरसमोर ठेवा रातभर."

हे मात्र महादेवरावांना पटलं. नागपूरच्या माणसाला कूलरवर विश्वास नसेल तर कशावर असणार? पण तेही थोडे पुढे गेले. समोर ठेवून अर्धवट गारवा मिळण्यापेक्षा कूलरच्याच आत, वाळ्याच्या ताटीला टेकवून ठेवला तर काम पक्कं होईल, असा त्यांनी विचार केला. सकाळी फोन गार झाला होता यात वाद नाही. त्यातून वाळ्याचा सुंदर वास येत होता आणि पाणी ठिबकत होतं.

मग तांदूळ. ओला फोन तांदळात ठेवतात हे एव्हाना साऱ्या आळीला पाठ होतं, आणि ते सांगायला सारी आळी आली. फोन कोठीत पुरला गेला. सिंधूताईंनी, "आज पोळ्याच खा मंग," असं सांगून टाकलं. दुपारी कोठीतून टुंग असा आवाज आला. महादेवराव धावले आणि कोपरापर्यंत हात घालून त्यांनी फोन बाहेर ओढला. सशाला बाजूला सारून, रमीवाल्या बाईची क्षमा मागून, ग्रुप उघडेपर्यंत त्यांच्या अंगाचा भडका उडाला होता.

'स्मरण. मिनलच्या डिलिव्हरीबाबत अजून कोणाचे काही आलेले नाही.'

"ह्या माणसाले दुसरा धंदा नाही का?" ते तांदळाच्या कोठीकडे पाहून ओरडले.

शनिवारी सकाळी ते फोन घेऊन सीताबर्डीवर, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेले. तिथे टोकन होतं. टोकन असलं की महादेवरावांना बरं वाटतं, पण आजवर ते टोकन देणाऱ्या बाजूला बसले होते. घेणाऱ्या बाजूच्या खुर्च्या इतक्या वाईट असतात याची त्यांना कल्पना नव्हती. नंबर लागायला दुपार झाली. काउंटरवर रितिका नावाची पाटी लावलेली मुलगी होती. तिने फोनमधून बाहेर पडलेला तांदळाचा दाणा चिमटीत धरून काउंटरवर ठेवला आणि त्याबद्दल काहीही विचारलं नाही. हा अपमान त्यांना जास्त लागला.

"सर, पूरा फॉरमॅट मारावा लागेल. मग चालेल मस्त. पण ह्याच्यात अकाउंट कोणाचं आहे?"

"फोन माझा, तर अकाउंट माझंच असेल ना?"

"नाही ना सर. रोहित ढोमणे नावाने आहे. त्यांच्या नंबरवर ओटीपी जाईल. तो सांगितल्याशिवाय पुढे होत नाही."

महादेवरावांच्या पायाखालची जमीन सरकली. आता जावयाला फोन करायचा, 'तू दिलेला फोन चालत नाही' म्हणायचं, आणि ते संध्याकाळपर्यंत साऱ्या नरखेडात व्हायचं! त्यांनी रितिकाला समजावलं, की मी सरकारी नोकरीत होतो, मी सही करून देतो. तिने सही नको म्हटलं. आधार कार्ड दाखवलं. ते छान आहे म्हणाली. मग तिचा साहेब आला, त्यानेही तेच सांगितलं, आणि महादेवराव त्याच्याशी इतके भांडले की मागच्या टोकनवाल्याने त्यांना पाणी दिलं. शेवटी काउंटरवरच्याच फोनवरून त्यांनी रोहितचा नंबर फिरवला.

"बाबा, फोनमध्ये काही प्रॉब्लेम आहे का?" रोहितने विचारलं.

"छे छे! प्रॉब्लेम कसला? फर्स्टक्लास चालते तुझा फोन. पहिल्या दिवसापासून एकदम फर्स्टक्लास! जागा भरली, म्हणून जरा साफ करून राहिलो, बस."

हे त्यांनी इतक्या ठासून सांगितलं की रितिकाने मान वर करून पाहिलं.

संध्याकाळी फोन हातात आला तेव्हा तो वेगळाच झाला होता. बोट लावायचा अवकाश, की दाव्यातून सुटलेल्या वासरासारखा उधळायचा. ससा गेला, बाई गेली. रोहितनेच फोनवरून सांगून सांगून ग्रुपबिप पुन्हा लावून दिला. महादेवरावांनी घरी येऊन कॅल्क्युलेटर उघडून बंद केला, पुन्हा उघडला, हवामान पाहिलं, पंचांग पाहिलं. सिंधूताईंना बोलावून दाखवलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं," पण त्यांचा चेहरा काही बरा दिसत नव्हता.

"आता सुधारून बोलजा," त्या म्हणाल्या. "एवढंच सांगते."

"म्हणजे? मी काय बिघडून बोलतो?" महादेवरावांना पुन्हा राग आला. खरं तर त्यांनी आदल्या रात्रीच एक मजकूर मनात तयार केला होता. 'आदरणीय व्याहीबुवांस सविनय नमस्कार' अशी त्याची सुरुवात होती. रविवारी सकाळी आंघोळ करून, शांतपणे तो पाठवायचा होता.

पण ताराचंदराव पहाटे उठतात. महादेवरावांनी दात घासता घासता फोन उचलला तर मेसेज येऊन बसलेला: 'महादेवराव शांत आहेत, म्हणजे त्यांची संमती आहे असे समजतो. आज डॉक्टरीण बाईंकडे नाव नोंदवत आहे.' आणि खाली नमस्काराचे दोन हात.

सविनय नमस्कार कुठच्या कुठे गेला. सवयीने अंगठा माइकवर गेला आणि महादेवराव फुटले.

"संमती गेली खड्ड्यात, ताराचंदराव! कोणाले इचारून ठरवलं तुमी? पहिलं बाळंतपण माहेरी होते हे तुमच्या संत्र्याच्या झाडाले बी माहीत आहे, फक्त तुमाले नाही! माह्या पोरीचं माहेर मेलं का? खोली रंगवून बसलो मी अथी! जाळी लावली, दवाखान्याचे संडास पाहून आलो, नर्सच्या शिव्या खाल्ल्या! रोज संध्याकाळी त्या रिकाम्या खोलीत जातो अन् लाइट लावून पाहतो येड्या बयाडासारखा, का पोरगी आली तं तिच्या डोळ्यावर येईन का हा लाइट! अन् तुमी तिकडं बागेत फिरत फिरत ठरवून राहिले? पोरगी देल्ली तुमाले, टाकून नाही देल्ली!"

अंगठा उचलला. नेहमीप्रमाणे फोन थिजेल आणि चहा येईल, अशा बेताने ते खुर्चीत टेकले. फोनने टुक असा आवाज केला.

दारात सिंधूताई कप घेऊन उभ्या होत्या. "गेला का?" त्यांनी विचारलं.

"काय गेला?"

"बाप्पा! गेला ना तो!"

महादेवराव ताडकन उठले. तोंडातला फेस तसाच. लेक त्या घरात आहे, तिला तिथेच राहायचं आहे, आणि आपण तिच्या सासऱ्याची संमती खड्ड्यात घातली. पुसा, पुसा! मेसेजवर बोट दाबून धरलं तर फोनने विजेच्या वेगाने दोन पर्याय पुढे केले. जो पहिला दिसला तो त्यांनी दाबला. मेसेज नाहीसा झाला. "गेला! पुसला! पाह्यलं का, फास्ट फोनचा फायदा!" असं ते म्हणतात तोच ग्रुपवर रोहितचं आलं: 'बाबा, तुमचा मेसेज ऐकला. तुम्ही फक्त तुमच्याकडून पुसला. आमच्याकडे आहे.'

आणि फोन वाजला. ताराचंदराव.

"महादेवराव! बोलता येते तं तुमाले!"

"येते! काहून नाही येणार?" पळून जाण्यापेक्षा भिडलेलं बरं, म्हणून महादेवरावही चढले.

"मंग आजवर तोंडात गुळणी धरली होती का? सातव्यापासून वाट पाहून राहिलो मी! माहेरचं बोलावणं आल्याबिगर आमी सुनेले कसं धाडावं? लोक म्हणतीन, ढोमण्यानं बाळंतपणाचं ओझं टाळलं. ग्रुपवर इचारलं, पुन्हा इचारलं, तुमी गुम्म! मी म्हटलं, त्यायले झेपत नसन, वय झालं, कायले लाजवावं? म्हणून डॉक्टरीण शोधली मी. तुमची अब्रू झाकाले!"

"माही अब्रू झाकाले तुमाले कोणी सांगितलं?"

"कोणीच नाही सांगितलं! तेच तं म्हणून राहिलो, कोणी काही सांगतच नाही तुमच्या घरी!"

पलीकडे फोनची ओढाताण झाली आणि मिनलचा आवाज आला. "बाबा."

महादेवरावांचा चढलेला आवाज जागच्या जागी बसला. "पोरी, ते रागात निघालं तोंडून..."

"खोली खरंच रंगवली?"

"हाव."

"कोणता रंग?"

"पिस्ता."

मग मिनल जी ओरडली ती अगदी बापाची लेक ओरडली. "मंग सांगितलं काहून नाही मले? सासूबाई रोज इचारत होत्या, बाबा काही बोलले का, बोलले का. मी म्हणायची, बोलतीन. मंग त्यायनं इचारणंच सोडून देल्लं. माही कीव येऊन सोडून देल्लं, बाबा! आईले इचारलं तं ती म्हणे, बाबाचं बाबाले माहीत. मी समजली, मी नकोच आहे तुमाले तिथं. काहून नाही बोलले तुमी?"

महादेवरावांकडे उत्तर होतं. आणि ते खरंही होतं: फोन हळू होता. पण पहिल्या दिवसापासून फर्स्टक्लास चालतो असं ज्याला ठासून सांगितलं तो जावई तिच्या शेजारीच उभा होता. आणि तो नसता तरी काय सांगणार होते? व्याह्यांना सुनवायला फोन हळू होता. मिनलला लावायला तो एक दिवसही हळू नव्हता.

"बाबा? आवाज येऊन राहिला का?"

आवाज इतका स्वच्छ येत होता की ती नाक ओढते तेही कळत होतं. महादेवरावांना भयंकर राग आला, आणि या वेळी तो टाकायला शेजारी, ससा, व्याही असं कोणीच सापडेना. म्हणून तो त्यांनी होता तिथेच, म्हणजे लेकीवर टाकला. "मंग तू काहून नाही भांडली माह्याशी? रोज तं फोन होता! दोन शिव्या द्याच्या होत्या बापाले!"

"द्याच्याच होत्या! रोज द्याच्या होत्या! पण तुमी 'जेवली का' इचारत होते अन् 'हाव' म्हटलं का ठेवून देत होते!"

सिंधूताईंनी कप टेबलावर ठेवला आणि पदराने डोळे पुसायला त्या आत गेल्या.

"बॅग भर," महादेवराव गुरगुरले. "मी येऊन राहिलो तुले न्याले. आत्ताच. अन् तुह्या सासऱ्याले सांग, रीतसर बोलावणं घेऊन येऊन राहिलो, पण आधी भांडीन, मंग जेवीन."

"या ना, या!" मागून ताराचंदराव गरजले. "दोन्ही करून पाठवतो!"

महादेवरावांनी तोंड धुतलं, सदरा चढवला, पायात चपला सरकवल्या. फोन मात्र त्यांनी ठेवला नाही. एका हाताने पाकीट शोधत, फाटकाशी उभ्या असलेल्या गणपतरावांना हातानेच बाजूला सारत, एसटी स्टँडला जायला दुप्पट भाडं सांगणाऱ्या ऑटोवाल्याशी मधूनमधून भांडत, ते लेकीला रागावत राहिले, आणि ती त्यांना.